दवाखान्यातला कॉम्प्रेसर आणि जिप्सीतला

माझा दातांचा दवाखाना आहे, इंदूरात रामबागेत. दोन खुर्च्या, आणि मागच्या बाल्कनीत कॉम्प्रेसर. त्याच्या घरघरीत माझी एकोणीस वर्षं गेली. म्हणजे हवेच्या बाबतीत तरी मला कोणी गंडवायला नको होतं. पण जिप्सीची चाकं भरायला छोटा कॉम्प्रेसर घ्यायला सियागंजात गेलो, तर दुकानातल्या पोराने खोका माझ्याकडे फिरवला, त्यावरच्या १५० पीएसआयवर (हा हवेच्या दाबाचा आकडा) बोट ठेवलं आणि म्हणाला, "डॉक्टर साहब, ट्रक का टायर भर दो इससे." मी मुकाट्याने पैसे काढून दिले.

त्याची परीक्षा मे महिन्यात झाली. मेहुण्याची शेती मंडलेश्वरच्या पुढे, नर्मदेकडे. शेवटच्या वाटेवर वाळू आहे, म्हणून जिप्सीच्या चारही चाकांची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवली. गाडी लोण्यातून जावी तशी गेली. पण परत येताना जाम घाट चढायचा, पुढे महूपर्यंत डांबरी रस्ता, आणि एवढ्या कमी हवेवर वेगात गेलं की टायरची बाजू सारखी दुमडून तापते. हवा भरल्याशिवाय निघणं शक्यच नव्हतं. लायटरच्या सॉकेटात खोक्यातलं बाळ लावलं. पहिल्या चाकाला साडेचार मिनिटं, दुसऱ्याला सहा, आणि तिसऱ्याला काटा २१ वर असताना ते गप्प झालं. हात लावला तर चटका बसला. उरलेलं काम शेतावरच्या गड्याने ट्रॅक्टरच्या पायपंपाने केलं. मेहुणा झाडाखाली उभा राहून "दाजी, हे पण मशीनच आहे बरं का," म्हणत होता. त्याला काय बोलणार!

खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. पंप बंद तोंडावर कुठवर दाब देईल ते तो सांगतो, किती हवा देईल ते नाही. दवाखान्यात हे मला रोज दिसतं. दोन्ही खुर्च्यांवर एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हवेवर फिरणारं यंत्र, एकदम चालला की टाकीतला दाब पुरेसा असूनही दुसऱ्या खुर्चीवरची हवा पुरत नाही. दवाखान्याचा कॉम्प्रेसर घेताना मी मिनिटाला किती लिटर हे तीनदा विचारलं होतं. गाडीसाठी विचारायचं सुचलंच नाही.

मग औषधाच्या पॅडवर कच्चा हिशोब मांडला. माझे टायर २१५/७५ आर १५. आत साधारण ४५ लिटर जागा. १५ वरून २८ वर न्यायचं म्हणजे १३ पीएसआय वाढवायचा, आणि वातावरणाचा दाब १४.७. तेव्हा प्रत्येक चाकात बाहेरची ४० लिटर हवा कोंबायची, चारांत मिळून १६०. फॉर्च्युनरसारख्या गाडीच्या टायरला हाच आकडा साधारण दीडपट येतो. आता खोक्यावर लिटर लिहिलेले असले तरी ते बहुतेक शून्य दाबाचे, म्हणजे नळी मोकळी सोडून मोजलेले असतात. २५–३० पीएसआयच्या विरुद्ध किती देतो ते बघायचं. त्यासोबत ड्यूटी सायकल. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालवलं की वीस मिनिटं विश्रांती, आणि हा आकडा परीक्षेच्या खोलीतला आहे, निमाडातल्या मे महिन्याचा नाही.

एवढ्यावर निवड झाली असती, पण मला मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यात, एअर लॉकरही बसवायचा होता. लॉकरची गरज अगदी उलटी. हवा आत गेली की एक छोटा पिस्टन सरकतो, दोन्ही चाकं एकमेकांशी जखडली जातात, संपलं. हवा लागते घोटभर, पण दाब १०० पीएसआयच्या आसपास हवा आणि तो टिकून राहायला हवा. म्हणून निव्वळ लॉकरसाठी मिळणारा लहान पंप त्या कामाला उत्तम आणि टायरला अगदीच रडका. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून हवी असतील तर मोजमाप टायरच्या मापाने घ्यायचं. लॉकर त्यात आपोआप भागतो.

देवास नाक्यावरचा माझा मिस्त्री म्हणाला, "चार लिटर की टंकी लगा लो भिया, टायर फट से भरेगा." ऐकायला गोड. पण चार लिटरची टाकी १२० वरून ३० वर उतरली तर तिच्यातून जेमतेम २४ लिटर हवा निघते. एक चाकसुद्धा पुरं होत नाही. टाकी लॉकर चटकन लागायला किंवा एअर फिल्टरची धूळ झटकायला बरी. मी नाही लावली.

दोन मोटारींच्या मोठ्या कॉम्प्रेसरचा मोहही झालाच होता. तो विजेने सोडवला. त्याला भरात साठ-सत्तर अँपिअर लागतात, आणि जिप्सीत वीज बनवणारा अल्टरनेटर त्यापुढे केविलवाणा. शेवटी एआरबी कंपनीचा एका मोटारीचा घेतला. शून्य दाबाला मिनिटाला सुमारे ६० लिटर, २९ पीएसआयला पन्नासच्या जरा वर. हिशोबाने चार चाकं तीन-साडेतीन मिनिटांत. नळी काढा-लावायचा वेळ धरून माझे सात जातात. भरताना इंजिन चालू ठेवतो. तार बॅटरीपासून थेट आणि जाड, फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत, मध्ये रिले. लायटरच्या सॉकेटाच्या वाटेला गेलो नाही.

जागेवरून मिस्त्रीशी वाद झाला. त्याला बॉनेटखाली हवा होता, नळ्या कमी लागतात म्हणून. पण आधीच तापणारं यंत्र इंजिनाच्या कुशीत कशाला? मी ड्रायव्हरच्या सीटखाली बसवायला लावला.

आणि बसवल्यावर तिसऱ्या दिवशी नवं दुखणं. लॉकर लावला की दर अर्ध्या मिनिटाला कॉम्प्रेसर आपणहून सुरू व्हायचा. लॉकर लागलेला असताना हवा खर्च होत नाही, त्यामुळे पंप पुन्हा पुन्हा चालतोय म्हणजे कुठेतरी गळतंय. डिफरन्शियलच्या आतलं सील गेलं असतं तर तिथल्या ब्रीदरमधून, म्हणजे डब्याच्या श्वासनळीतून, तेल बाहेर फेकलं गेलं असतं. तो कोरडा होता, म्हणून जीव भांड्यात पडला. निरम्याचं पाणी करून आईच्या जुन्या पूजेच्या तांब्यातून (विचारून घेतला होता) एकेका जोडावर सोडत गेलो. सोलेनॉइडपाशी, म्हणजे लॉकरची हवा सोडणाऱ्या विजेच्या झडपेपाशी, बारीक बुडबुडे, मोहरीएवढे. तिथली निळी नळी ओढून काढली तर टोक तिरकं आणि चेपलेलं. कटिंग प्लायरने कापली होती. दाबून बसवायच्या जोडात नळी काटकोनात कापलेली आणि गोल असली तरच आतली रिंग तिला सगळीकडून धरते. दवाखान्यातून १५ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणलं, टोकाचा बोटभर तुकडा एका सरळ चिरेत उडवला, परत बसवली. पंप गप्प.

मिस्त्रीला ते टोक दाखवलं. त्याने ते निरखून पाहिलं आणि माझ्या ब्लेडची पेटी कितीला मिळते ते विचारलं.

टायर भरायच्या नळीचं माप मात्र माझंच चुकलं. सीटखालून मागच्या डाव्या चाकापर्यंत ती हातभर कमी पडते. गेल्या रविवारी चोरलकडे तीन चाकं भरली आणि चौथ्यासाठी नळी गाडीच्या पोटाखालून सरपटत नेली, सायलेन्सरला लागू नये म्हणून खाली ओला रुमाल धरून. शनिवारी दवाखाना लवकर बंद करून सियागंजात जायचंय.