तुम्ही विचारलंत म्हणून: तो नवा निळा तुमच्या मगमध्ये का नाही?

काळा घोड्याला स्टॉल लावला की कोणीतरी निळा मग हातात घेऊन विचारतंच, "ताई, तो नवीन शोधलेला निळा आहे का हा?" नाही, हा नेहमीचा, कोबाल्ट धातूपासूनचा निळाच. पण एवढंच सांगून माझं समाधान होत नाही, म्हणून नीट लिहितेय.

तो नवा निळा म्हणजे यिनमिन. २००९ मध्ये अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत, आपल्या चेन्नईच्या मास सुब्रमणियन यांच्या लॅबमध्ये सापडला, आणि ते शोधत होते भलतंच, इलेक्ट्रॉनिक्ससाठी मटेरियल. यिट्रियम, इंडियम आणि मँगनीजची ऑक्साइड्स १२०० अंशांच्या आसपास तापवली आणि बाहेर आली निळीशार पावडर! मँगनीज म्हटलं की आम्हा ग्लेझवाल्यांना (ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा थर) तपकिरी नाहीतर वांगी रंग आठवतो, त्यातून निळा निघाला हे वाचून मी हरखूनच गेले होते.

पण ग्लेझमध्ये गोम आहे. कोबाल्ट ग्लेझच्या काचेत चहातल्या साखरेसारखा विरघळतो आणि विरघळूनही निळाच राहतो, १०० ग्रॅम ग्लेझला १ ग्रॅम ऑक्साइड टाकलं तरी बास. यिनमिनचं तसं नाही, त्याच्या कणात मँगनीजभोवती पाच ऑक्सिजन एका ठरावीक मांडणीत बसलेत म्हणून तो निळा, कण विरघळला की मांडणी मोडली आणि मागे उरलं नुसतं मँगनीज. लोक म्हणतात पावडर १२०० अंशांत जन्मली, तिला भट्टीची काय भीती, अहो भीती उष्णतेची नाही, वितळलेल्या काचेची आहे!

एका मैत्रिणीने चिमूटभर दिली होती, तिच्या दोन टेस्ट टाइल केल्या. एकीवर भाजलेल्या ग्लेझच्या वरून ब्रशने लावली आणि कमी तापमानाला परत भाजली, ती अजून स्टुडिओच्या खिडकीत आहे, सकाळचं ऊन पडलं की बघत राहावंसं वाटतं. दुसरी भरपूर बोरॉनवाल्या ग्लेझमध्ये (बोरॉनने ग्लेझ लवकर वितळतं) मिसळून १२०० ला, ती निघाली मळकट तपकिरी, निळ्याचा मागमूस नाही. खूप वाईट वाटलं.

शिवाय महाग. इंडियम मोबाइलच्या स्क्रीनलाही लागतं, आणि रंग न विरघळलेल्या कणांमधूनच मिळवायचा म्हणजे पावडर जास्त घालावी लागते, मग त्या मगची किंमत मी कोणाला सांगणार?

तरी मला कोबाल्टला पर्याय मनापासून हवाय. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या खाणींमध्ये लहान मुलं राबतात, हे माहीत असताना डबा उघडताना हात अडखळतो. झिर्कॉन-व्हॅनेडियमचा निळा आहे, तो ग्लेझमध्ये छान टिकतो, पण आकाशी-फिरोजीकडे झुकतो, कोबाल्टची ती गडद खोली त्याला नाही. उरलेली चिमूट जपून ठेवलीय, पुढच्या भट्टीत बोरॉन कमी केलेल्या ग्लेझमध्ये टाकून बघणार आहे.