बरण्या, चिठ्ठ्या आणि वर्कलोड

आमच्या ठाण्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं म्युझियम म्हणजे लॅबमागची चार कपाटं. आज अख्खी दुपार तिथेच गेली. अर्ध्यावर आलेल्या बरण्यांत ७० टक्के इथेनॉल भरलं, झाकणांना व्हॅसलिन चोपडलं. मदतीला टीवायची पोरं होती. नाकाला रुमाल, पण पळाली नाहीत!

एका बरणीत निवटी (खाडीच्या चिखलात राहणारा मासा) निघाली. डोळे पांढरे पडलेले, शेपटी शाबूत, आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ठाणे खाडी, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, पेन्सिल टिकते. शेजारचा भलामोठा साप मात्र बिनचिठ्ठीचा. दिसायला रुबाबदार, संशोधनाला जवळपास बिनकामाचा.

परदेशातल्या काही विद्यापीठांत ‘फॅकल्टी क्युरेटर’ असं रीतसर पद असतं. शिकवा, संशोधन करा आणि संग्रहही सांभाळा. ते उगाच नाही. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाल्याचं निसर्ग-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवलं, ते संग्रहातल्या जुन्या अंड्यांशी तुलना करूनच. पुढे बोट डीडीटी या कीटकनाशकाकडे गेलं. अंडी जमवणाऱ्यांना डीडीटी ठाऊकही नव्हतं.

आमच्याकडे हे काम वर्कलोडमध्ये धरत नाहीत. तपासणी आली की कपाटं पुसायची, झालं.

असो. उद्यापासून एक्सेलमध्ये नोंदी सुरू. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिच्या जुन्या नोंदी मोलाच्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनो, जुन्या जर्नलमध्ये या नमुन्यांच्या नोंदींची पानं असतील तर फोटो पाठवा. आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या स्वस्तात कुठे मिळतात, तेही सांगा.