गिटार अपडेट: ग्रीन डेचा सेव्हियर्स वाजवून बघतोय, सांगली

मंडळी, बरेच दिवस काय टाकलं नव्हतं. सध्या ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडचा सेव्हियर्स धरलाय. अल्बम जानेवारी 2024 चा, त्यामुळं नवीन म्हणायला थोडं जुनंच झालं, पण त्यावरची भांडणं आमच्याकडं अजून ताजी आहेत. आमचा बेसवाला दादा डूकीच्या (त्यांचा 1994 चा अल्बम) काळातला, त्याच्या मते 1994 नंतर यांनी सगळा टाइमपास केला, आणि ड्रमवाला पोरगा अमेरिकन इडियटवाला (त्यांचा सलग गोष्ट सांगणारा अल्बम), त्याला राग की यात गोष्ट नाय, नुसती 15 सुटी गाणी. गंमत म्हणजे ते दोन्ही अल्बम ज्या रॉब कॅव्हालोनं प्रोड्यूस केले तोच 2012 नंतर पहिल्यांदा इथं परत आलाय, म्हणून अपेक्षा दोघांच्याही आभाळाएवढ्या.

माझं मत वाजवताना बदलत गेलं. नुसतं ऐकताना मलापण वाटलेलं की हे सगळं आधी ऐकलंय. वन आइड बास्टर्ड गाण्याचं रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) तर सरळ पिंक या गायिकेच्या सो व्हॉटसारखं लागतं, हे जगभर लोक बोलले आणि ते खोटं नाय. पण मेट्रोनोम (ठोक्याचं यंत्र) लावून बसलो तेव्हा कळलं की डाव्या हाताला फार काम नाय, पॉवर कॉर्डच (दोन-तीन तारांचे सोपे कॉर्ड) आहेत, सगळा जीव उजव्या हातात. सलग डाउनस्ट्रोक (वरून खालीच फटके) मारायचे, तळहाताची कड ब्रिजवर टेकवून पाम म्यूट (आवाज दाबायचा), आणि कोरस आला की हात उचलून तारा मोकळ्या सोडायच्या. हात जरा जास्त पुढं सरकला की आवाज मेला, मागं राहिला की नुसता गोंगाट. 1981 नावाच्या गाण्याला माझं मनगट अजून अर्ध्यातच सोडून देतं. पन्नाशी पार केलेला बिली जो, त्यांचा गायक-गिटारवाला, हे स्टेजवर गात गात वाजवतो राव.

डिलेमा हे गाणं मात्र बसलं. शांत सुरुवात, मग गिटार अंगावर येते, आणि बिली जोनं स्वतःच्या व्यसनावर लिहिलंय ते कळल्यावर शब्द जास्त लागतात. फादर टू अ सन मला जड जातं, व्हायोलिनबियोलिन घातलेत, ड्रमवाल्याला आवडतं, असो. मधली चार गाणी कापली असती तरी चाललं असतं. त्यांचा 2020 चा अल्बम 26 मिनिटांत संपला म्हणून लोक ओरडले, हा 46 मिनिटांचा आहे तर लांबला म्हणून ओरडतात, त्यात मीपण आलो.

गिटारचं काम: ट्यून करताना G ची तार टिंग करून एकदम उडी मारत होती, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) खाचेत अडकत होती. पेन्सिलीचं शिसं घासून थोडे दिवस चाललं, शेवटी मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत नेली. जवारी काढणाऱ्या (सतारीची घोडी घासून सूर खुलवणाऱ्या) काकांनी बारीक कानस दोनदा फिरवली, तार ओढून कान लावला, परत एकदा फिरवली, झालं. डिस्टॉर्शन लावून मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणाले, "वाद्यावर राग काढताय होय?" पैसे घेईनात, मग भडंगाचा पुडा देऊन आलो.

दुसरी गिटार अर्धा सूर खाली लावून ठेवलीय, डूकीची गाणी तिच्यावर, नाहीतर दादा रिहर्सलला येत नाय. कुणाकडं 1981 चा नीट टॅब (कुठली तार कुठं दाबायची ते लिहिलेलं) असेल तर टाका, मला मिळालेला दुसऱ्या ओळीपासूनच गंडलाय.