कानातलं पाणी

सोळा दिवस मी कानातून पाणी काढायचा प्रयत्न करत होते. एका पायावर उड्या मारल्या, उजवा कान उशीत दाबून झोपले, हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर अंतरावरून दिली. आईनं फोनवर सांगितलं म्हणून लसणाचं तेल कोमट करून दोन थेंब घातले. पाणी काही निघालं नाही. सतराव्या दिवशी कळलं, की मी ज्या पाण्यामागे लागले होते ते तलावातलं नव्हतंच.

मी पुण्यात राहते. वय सेहेचाळीस. शीतगृहांची तपासणी करण्याची माझी नोकरी आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा चेन्नई ठरलेली, आणि अधूनमधून बंगळूर नाहीतर दिल्ली. पोहायला शिकले अडतिसाव्या वर्षी. तेव्हापासून पुण्यात असले की सकाळी सहाची बॅच चुकवत नाही, आणि बाहेरगावी गेले तरी पोहायला मिळेल का, हे हॉटेलच्या आधी बघते. हॉटेलातले तलाव बहुतेक दहा-बारा हात मारले की संपणारे असतात. तरी तेवढ्यावर भागवते, कारण दोन दिवस पाण्यात गेले नाही की खांदे कुरकुरतात आणि माझं मनही लागत नाही. माझ्या बॅगेत गॉगल चष्म्याच्या जुन्या डबीत असतो. ओला कॉश्च्यूम टॉवेलात गुंडाळून त्या वळकटीवर दोन मिनिटं उभी राहते, म्हणजे परतीच्या विमानात कपडे भिजत नाहीत. एकूण माझा आठवडा पाणी आणि हवा यांत वाटलेला, आणि दोन्हीकडे कानाला काम असतं हे मला कधी जाणवलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला सर्दी झाली. ताप नव्हता, नुसतं नाक चोंदलेलं. त्या सोमवारी सकाळी तशीच टँकवर गेले, दीड किलोमीटर मारलं आणि संध्याकाळच्या विमानानं चेन्नईला निघाले. पहाटेची उठलेली, त्यामुळे खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपले. जाग आली ती उजव्या कानात सुरी फिरवावी तशा कळेनं. खाली दिवे दिसत होते, चाकं बाहेर आल्याचा धक्का जाणवला. नाक घट्ट दाबून सगळा जीव एकवटून फुंकर मारली. डावा कान 'फट' करून मोकळा झाला, उजव्यात मात्र आणखी जोरात कळ गेली. विमान टेकलं तेव्हा दुखणं ओसरलं होतं, पण त्या बाजूचं जग कुणीतरी गोधडीखाली घातल्यासारखं वाटत होतं.

सकाळी पोहले होते, संध्याकाळी कानाला दडा बसला. मी साधा हिशोब केला: पाणी गेलंय. टँकवरच्या सगळ्यांनी तोच हिशोब केला. मान हलवली की आत काहीतरी डुचमळल्यासारखं वाटे, त्यामुळे शंकाच उरली नाही. पापड खाल्ला की त्याचा चुरा डोक्यात होतोय असं वाटायचं. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमायचा. आणि टँकवर सर उजवीकडून शिट्टी मारायचे तेव्हा ती मला डावीकडून ऐकू यायची. एकदा तर त्यामुळे दुसऱ्या लेनमधल्या मुलाला मी जाऊन धडकले.

त्या दिवशी संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर मॅडमनी आधी कान बाहेरून धरून ओढला, मग कानाच्या भोकासमोरची कूर्चा अंगठ्यानं दाबली. "दुखतंय?" अजिबात दुखत नव्हतं. "मग हा पोहणाऱ्यांचा कान नव्हे," त्या म्हणाल्या. पोहणाऱ्यांना होतो तो जंतुसंसर्ग बाहेरच्या नळीत होतो. ओलसर राहून, खाजवून, काड्या घालून तिथली कातडी सुजते, आणि मग कान नुसता ओढला तरी माणूस ओरडतो. माझं दुखणं पडद्याच्या पलीकडचं होतं.

मग त्यांनी लोखंडी चिमटा उलटा धरावा तसा एक ट्यूनिंग फोर्क काढला, कोपरावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली. "आवाज कुठे येतोय?" मला धक्काच बसला. आवाज उजव्या कानात येत होता, दडा बसलेल्या कानात, आणि तिथेच स्पष्ट येत होता. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. हवेतून आवाज आत जाण्याची वाट अडली असेल, तर हाडातून येणारा आवाज त्याच कानात मोठा वाटतो. आतली नस दुखावली असती तर तो चांगल्या कानात गेला असता. "सोळा दिवस थांबलात," त्या म्हणाल्या. "नस असती तर हे सोळा दिवस परत मिळाले नसते. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवायचं. तेल घालत बसायचं नाही." हे वाक्य मी त्यानंतर टँकवरच्या प्रत्येकाला ऐकवलं आहे, इथेही तेवढ्याचसाठी लिहिते आहे. कानातून रक्त आलं, गरगरायला लागलं, तरीही हेच.

शेजारच्या खोलीत कानात रबरी बोंडी बसवून यंत्रानं आतली हवा कमी-जास्त केली. पडदा नीट हलत असेल तर कागदावर टेकडीसारखा उंचवटा उमटतो. माझ्या डाव्या कानाची टेकडी सुबक आली. उजव्या कानाची आली ती सपाट रेघ. पडद्यामागे द्रव साठला होता.

"पण तलावाचं पाणी तिथे गेलं कसं?" मी विचारलं.

"जाऊच शकत नाही. पडदा शाबूत आहे. हे पाणी तुमच्याच शरीराचं आहे."

त्यांनी मागच्या बाजूला औषधाची जाहिरात छापलेल्या कागदावर चित्र काढून समजावलं. मधला कान ही हवा भरलेली इवलीशी खोली. तिथून नाकाच्या मागच्या बाजूला साडेतीन सेंटीमीटरची एक नळी येते, युस्टेशियन नळी. ती एरवी मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की क्षणभर उघडते आणि आतली-बाहेरची हवा समान होते. विमान वर चढताना आतली जादा हवा आपसूक बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, आणि हवा आत घ्यायची तर नळी मुद्दाम उघडावी लागते. सर्दीनं नळीचं तोंड सुजलेलं, त्यात मी झोपलेली. झोपेत माणूस फारसा गिळत नाही. पडदा आत ओढला गेला, खोलीत हवा कमी पडली आणि भिंतींच्या अस्तरातून द्रव पाझरून ती जागा भरली. सकाळचं पोहणं आणि संध्याकाळचा दडा यांचा संबंध एवढाच होता, की चोंदलेलं नाक क्लोरीनच्या पाण्यात तासभर आणखी चिडलं.

घरी येऊन मी आकडेमोड केली, कारण पोहणाऱ्याला दाब मीटरमध्येच कळतो. विमान कितीही उंच उडालं तरी केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर असतो तेवढा खाली येऊ देतात. तिथून समुद्रसपाटीपर्यंत उतरलं तर दाबात जो फरक पडतो, तो पाण्यात अडीच मीटरहून थोडं जास्त खोल बुडी मारण्याएवढा. म्हणजे चेन्नईला उतरताना मी खोल टँकचा तळ गाठत होते, तोही झोपेत. बंगळूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ९१५ मीटर उंच, म्हणून तिथली बुडी दीड मीटरच्या आसपास. पुण्याची दोन मीटरच्या आतबाहेर. चेन्नई आणि मुंबईला कान जास्त ठणकतात हे मला गेली कित्येक वर्षं जाणवत होतं, कारण त्या दिवशी कळलं.

उपचारात पहिलं काम होतं ते मी चालू केलेलं औषध बंद करण्याचं. चोंदलेलं नाक मोकळं करायचा स्प्रे मी दुकानातून आणला होता आणि बारा दिवस दिवसातून तीनदा मारत होते. हे स्प्रे तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले तर उलटतात. औषधाचा अंमल उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा मारावंसं वाटतं. तो सोडल्यावरचे चार दिवस वाईट गेले. रात्री तोंडानं श्वास, घशाला कोरड. त्याऐवजी वेगळा, सूज उतरवणारा स्प्रे मिळाला, जो आठवडाभरानंतर कुठे काम करायला लागतो, आणि दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. माझ्या आजोबांचं तांब्याचं नेतीपात्र माळ्यावर पडलं होतं, ते खाली काढलं. पाणी उकळून निववलेलंच घ्यायचं, ही मॅडमची ताकीद.

फुंकर मारण्यावरही त्यांनी मला थांबवलं. नाक दाबून फुंकर मारायची ती हलकी, फुगा फुगवायला सुरुवात करावी इतकीच. मी चेन्नईवर मारली तशी नव्हे. त्यापेक्षा सोपं म्हणजे नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा. पाण्याचा घोट घेऊन केलं की अधिक चांगलं.

विमान बंद म्हणाल्या, निदान तीन आठवडे. ऑफिसात हे सांगायला मला जड गेलं. पाय मोडला असता तर कुणी विचारलं नसतं, पण कानासाठी विमान नको म्हटल्यावर दोघांनी चेहऱ्याकडे बघितलं. एक चेन्नई सहकाऱ्यानं घेतली, दुसरीला मी रेल्वेनं गेले. वीस तासांच्या आसपास लागतात. खिडकीशी बसून नाक धरून आवंढे गिळत गेले.

पोहणं मात्र बंद करायला लावलं नाही याचं मला फार अप्रूप वाटलं. पडदा शाबूत, संसर्ग नाही, तर वरवर पोहायला हरकत नव्हती. फक्त सूर मारायचा नाही, तळाला जायचं नाही, भिंतीशी कोलांटी घेऊन वळायचं नाही. मीटरभर खाली गेलं तरी पडद्यावर दाब पडतोच. मी नाकाला क्लिप लावली आणि हात टेकवून वळायला लागले. त्यात प्रत्येक लॅपला दोन-तीन सेकंद जातात. डोकं पाण्यात गेलं की उजव्या कानात स्वतःचेच बुडबुडे ढगांसारखे गडगडायचे. पण डिसेंबरात मालवणला, चिवला बीचवर समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते, तिथे दोन किलोमीटरला मी नाव घालणार होते, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी यंत्रावर टेकडी आली, पण डावीकडे सरकलेली. म्हणजे द्रव बराचसा गेला होता, आत हवा आली होती, पण कमी दाबाची. त्या दिवशी घरी आले तर स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुरू झाल्याचा बारीक फुस्स आवाज उजवीकडून ऐकू आला. गॅसपाशी तशीच उभी राहिले, शिट्टी होईपर्यंत.

पहिलं विमान मी मुद्दाम बंगळूरचं धरलं. सर्दी नव्हती. मॅडमना विचारून तो पहिला स्प्रे एकदाच, उतरायच्या अर्धा तास आधी मारला. झोपले नाही. आपल्याला वाटतं त्याच्या बरंच आधी विमान खाली यायला लागतं. इंजिनाचा आवाज मऊ झाला की समजायचं. तेव्हापासून दर मिनिटाला एक घोट, नाक चिमटीत, आवंढा. दुखायची वाट बघायची नाही, कारण दाब एकदा जास्त झाला की नळीचं तोंड आणखी घट्ट मिटतं. मागच्या रांगेत एक तान्हं बाळ कळवळून रडायला लागलं. त्याची आई ओशाळून त्याला थोपटत होती. मी मागे वळून म्हटलं, "त्याचे कान दुखताहेत, आत्ता पाजा." तिनं शालीखाली घेतलं. चोखताना बाळ गिळत राहतं, तेवढं पुरतं.

डिसेंबरात टेकडी मधोमध आली. मालवणला जायला मी गाडीच धरली. फोंडा घाट उतरताना दोन्ही कान भरले, घाटात सगळ्यांचे भरतात तसे. मी आवंढा गिळला. डावा उघडला. पुढच्या वळणावर पुन्हा गिळला आणि उजवा उघडला, 'टक' करून, स्वच्छ. शेजारी बसलेल्या नवऱ्याला मी हातानंच खूण केली, बोलवेना.

सकाळी चिवल्याचं पाणी थंड आणि शांत होतं. पहिल्या शंभर मीटरमध्ये तोंडात खारट गेलं, मग हाताला लय सापडली. उजवीकडून होडीतल्या स्वयंसेवकाची हाक आली, "ताई, डावीकडे घ्या," आणि ती मला उजवीकडूनच ऐकू आली. दोन किलोमीटर झाले तेव्हा माझ्यापुढे बरेच जण होते, मागेही काही.

वाळूवर येऊन टॉवेल घेतला. उजवा कान भरलेला होता. मान उजवीकडे कलवून उभी राहिले. आधी काही झालं नाही. मग कानातून उन्हानं तापल्यासारखं कोमट पाणी मानेवर ओघळलं आणि मागच्या लाटेचा आवाज एकदम मोठा झाला.