फौजेतल्या वकिलाला कोर्टात उभं राहायला मिळतं का?

लॉ कॉलेजातली मुलं भेटली की हा प्रश्न येतोच: "मॅडम, फौजेत वकील झालं तर केस लढायला मिळते का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

रोज युक्तिवाद करायची हौस असेल तर उच्च न्यायालयात जा. जॅग, म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखेतल्या अधिकाऱ्याचं काम वेगळं आहे. जनरल कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे गंभीर खटले चालवणाऱ्या लष्करी न्यायालयात, न्याय करायला किमान पाच अधिकारी बसतात. कुणी पायदळातला, कुणी तोफखान्यातला. कायदा शिकलेला कुणी असेलच असं नाही. म्हणून लष्कर कायदा, १९५० सांगतो की तिथे जज अ‍ॅडव्होकेट, म्हणजे कायद्याचा सल्ला देणारा अधिकारी, हवाच. आरोप चालवायला बऱ्याचदा दुसराच अधिकारी असतो आणि आरोपीला बाहेरचा वकील देता येतो. जज अ‍ॅडव्होकेट म्हणून बसलेले आपण दोघांपैकी कुणाचेच नसतो. पुरावा संपला की त्या पाच जणांना कायदा आणि पुरावा दोन्ही उलगडून सांगायचे. निकाल ठरतो त्या बंद खोलीत आपण हजर असतो, पण आपल्याला मत नसतं.

मतं घेतात ती सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून. कर्नलसाहेब काय म्हणाले हे ऐकून कॅप्टनने आपलं मत बदलू नये, म्हणून. समसमान मतं पडली तर निकाल आरोपीच्या बाजूने. हुकूम पाळण्यावर उभ्या असलेल्या संस्थेने स्वतःच्या न्यायालयासाठी असा नियम केला, याचा मला अभिमान वाटतो.

पण खरी वकिली कोर्ट मार्शलच्या खूप आधी होते, फायलींवर. समजा, एखाद्या युनिटच्या रेशनच्या हिशेबात तूट निघाली. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी समिती, बसली, साक्षी झाल्या, शेवटी ठपका आला एका हवालदारावर. फाईल तुमच्याकडे येते आणि तुम्हाला दिसतं की साक्षी चालू असताना त्याला आत बोलावलंच नव्हतं. लष्कर नियम, १९५४ मधला १८० वा नियम स्पष्ट आहे: ज्याच्या चारित्र्यावर किंवा सैनिकी लौकिकावर बोट उठतंय, त्याला पूर्ण चौकशीभर हजर राहण्याची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी मिळाली पाहिजे. मग तुम्ही लिहायचं: साहेब, ही चौकशी अशी चालणार नाही, पुन्हा घ्यावी लागेल. वरच्यांना घाई असते, फोन येतात. आपला सल्ला कमांडरवर बंधनकारकही नसतो. तरीही तेच लिहायचं, कारण त्या हवालदाराची नोकरी आणि पेन्शन त्या दोन परिच्छेदांवर अवलंबून असू शकते. शिवाय २००९ पासून सैनिकांची प्रकरणं ऐकणारं सशस्त्र दल न्यायाधिकरण काम करतंय, त्याचं एक खंडपीठ मुंबईतही आहे. आपण दुर्लक्षिलेली चूक तिथे उघडी पडते.

सॅल्यूट ठोकून, आवाज न चढवता, वरिष्ठाला "नाही" म्हणता येणं. माझ्या मते या नोकरीला लागणारा गुण हाच. कलमं काय, पाठ होतात.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. एलएलबीला किमान ५५ टक्के, वय २१ ते २७, आणि आता क्लॅट पीजीचे, म्हणजे एलएलएमच्या प्रवेशपरीक्षेचे, गुणही लागतात. फौजेची वेगळी लेखी परीक्षा नाही. एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीचे, पाच दिवस आणि मग मेडिकल. त्यानंतर चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, ४९ आठवडे, इतर कॅडेट्सच्या बरोबरीने धावायचं, दोर चढायचा, बंदूक चालवायची. वकील म्हणून सवलत नाही. लष्करी कायद्याची संस्था मात्र आपल्याकडेच आहे, नागपूरजवळ कामठीला. सुरुवातीचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, दहा वर्षांचं, वाढवून चौदापर्यंत जातं.

मुलींनी मला वेगळं विचारलं, म्हणून हेही. या शाखेत स्त्रियांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, २००८ मध्येच खुलं झालं, पण जागा पुरुषांना सहा आणि स्त्रियांना तीन अशा वाटल्या जात होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द केली आणि एकच गुणवत्ता यादी लावायला सांगितली. आता कमी जागांचं कारण सांगून कुणी थांबवत असेल तर थांबू नका.

एसएसबीला जाण्याआधी लष्कर नियमांतले २२, २३ आणि १८० वाचा. हवालदाराला आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा हक्क कुठल्या टप्प्यावर मिळतो, ते शोधा. शोधताना रस वाटला तर अर्ज भरा.