ओल्या कापसाची कट्टी कोणी सोसावी?

वेचणीचा हंगाम सुरू झाला की आमच्या गावातली तरुण शेतकरी मंडळी बियाण्याइतकेच बऱ्या-वाईटाचे प्रश्नही विचारू लागतात. नात्यातल्या एका मुलाने परवा विचारले, "काकाजी, व्यापारी आपल्या मालावर कट्टी लावते, मंग आपण वेचणाऱ्या बायांच्या कापसाच्या वजनातून किलोभर कापला तं त्यात पाप काय हाय?" कट्टी म्हणजे मालाच्या वजनातून केलेली कपात. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

कापसाला ओल असते, हे खरेच आहे. कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ ते १२ टक्के ओलावा चालवून घेते. त्यापुढचा माल परत येतो. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस जड भरतो आणि वाळल्यावर घटतो, तेव्हा शेतकऱ्याने पाण्याची मजुरी का द्यावी, ही तक्रार मला खोटी वाटत नाही. पण ताणकाट्याजवळ उभे राहून नीट पाहावे. सकाळचे गाठोडे दवाने ओलसर असते. दुपारनंतर ओटीतून रिकामा केलेला कापूस हाताला कोरडा, कुरकुरीत लागतो. आपण मात्र दोन्ही गाठोड्यांतून सारखाच किलो कापतो. मजुरी किलोला दहा रुपये धरली तर त्या बाईचे दहा रुपये गेले, आणि कोरडा कापूस मात्र आपल्याच गंजीत पडला. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता, म्हणजे तो किलो पंचाहत्तर रुपयांचा. याला नुकसानभरपाई म्हणता येणार नाही. ही कमाई आहे, आणि तीही जिला काट्यावरचा आकडा वाचता येत नाही तिच्याकडून केलेली.

व्यापाऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय खालच्या माणसाकडे ढकलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हाती घेत आणि मगच भाकर स्वीकारत. आपल्या या भागात श्रमाला जेवणाआधीचे स्थान देणारा माणूस होऊन गेला, तरी श्रमाचे माप आपण अंधारात करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दव उतरेपर्यंत वेचणी थांबवणे नेहमी जमत नाही, कारण मजूर मिळणे कठीण असते. अशा वेळी सकाळचा माल वेगळा मोजावा, आणि कपात करायचीच असेल तर तेवढ्यापुरती करावी. काट्याचा आकडा मोठ्याने वाचून वहीत तिच्यासमोर लिहावा. मागच्या हंगामात कापलेले पैसे आठवत असतील तर ते पहिल्या चुकाऱ्यातच देऊन टाकावेत. शेजारचे शेतकरी नाराज होतील, ही त्या मुलाची भीती रास्त आहे. त्यांना हिशेब दाखवावा, वाद घालत बसू नये.

आणि हे सारे संध्याकाळी, गाठोडे काट्याला लटकले असताना सांगू नये. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीला वावरात होणाऱ्या पूजेच्या दिवशी सगळ्या बाया तिथे एकत्र असतात. दर आणि कपातीचा नियम तेव्हाच, पहिले बोंड वेचण्याआधी सांगावा.