पंप बंद केल्यावर खाणीचं काय होतं

इंग्लंडच्या ईशान्येला, डरॅमच्या किनाऱ्यावर शेवटच्या कोळसा खाणी १९९३ साली बंद झाल्या. त्यांचं पाणी मात्र आजही उपसलं जातंय. कोकणात दगडी कोळसा निघत नाही. जयगडला येतो तो जहाजानं. तरीही हे तुमच्यासाठी लिहायचं कारण म्हणजे रेडी आणि कळण्याचं लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू, मंडणगड-दापोलीकडचा बॉक्साइट आणि गावोगावच्या जांभ्याच्या चिरेखाणी. खाण सुरू होताना ग्रामसभेत नोकऱ्या, रस्ता आणि डंपरचं भाडं यांवर तासन्‌तास बोलणं होतं. बंद झाल्यावर काय, असं कुणी विचारलंच तर "ते पुढचं पुढे" म्हणून विषय संपतो. डरॅममध्ये ते "पुढचं" तीस वर्षांहून जुनं झालंय आणि उघड्यावर बघायला मिळतं.

हॉर्डन १९८७ ला बंद झाली, डॉडन १९९१ ला, ईझिंग्टन १९९३ ला. तिन्ही खाणी समुद्रकाठच्या कड्यांवरच्या, आणि कोळसा काढत काढत समुद्राच्या तळाखाली गेलेल्या. शेजारच्या खाणींचे बोगदे जमिनीखाली एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एकीचा पंप दुसरीलाही कोरडं ठेवतो. शेवटचा पंप थांबला की पाणी सगळीकडून मिळून चढू लागतं. डरॅमला कोळशाच्या वर मॅग्नेशियन चुनखडीचा थर आहे आणि त्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा आहे. खालचं लोहमिश्रित, खारट पाणी त्यात शिरू नये म्हणून डॉडन आणि हॉर्डनला पातळी मुद्दाम खाली दाबून धरली जाते. हे काम सरकारी संस्थेचं. १९९४ च्या कायद्यानं कोल अथॉरिटी झाली, २०२४ पासून तिचं नाव मायनिंग रिमेडिएशन अथॉरिटी. पाणी शुद्ध करणारे तिचे असे ८० हून अधिक प्रकल्प ब्रिटनभर आहेत. खर्च करदात्यांचा.

पाणी बिघडतं कसं ते नीट समजून घ्या. कोळशात आणि आजूबाजूच्या दगडात पायराइट असतो, म्हणजे लोह आणि गंधक. खाण चालू असताना बोगद्यांत हवा खेळते, पायराइट गंजतो आणि भिंतींवर क्षार साठतात. नंतर पाणी चढलं की ते सगळे एकदम विरघळतात. म्हणून पहिली काही वर्षं पाणी सर्वांत वाईट असतं, मग हळूहळू सुधारतं. हॉर्डनला सुरुवातीला चुना टाकून लोह काढावं लागलं. पाणी सुधारल्यावर तिथं रसायनांशिवाय चालणारी तळी बांधली.

त्या तळ्यांचा हिशोब सोपा आहे. वर आलेलं पाणी आधी पायऱ्यांवरून सोडतात, म्हणजे त्यात हवा मिसळते. एका उतरणीत जेवढा प्राणवायू मिसळतो तो लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम लोहाला पुरतो; लोह जास्त असेल तर तळ्यानंतर पुन्हा पायऱ्या लागतात. मग गाळ बसायला सुमारे ४८ तास पाणी थांबेल एवढी तळी, आणि शेवटी पाणकणीस आणि नळ-गवत लावलेली उथळ खाचरं. या खाचरांसाठी ठोकताळा असा: एक चौरस मीटर जागा दिवसाला १० ग्रॅम लोह धरते. सेकंदाला ५० लिटर पाणी आणि त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम लोह असेल, तर दिवसाला ८६ किलो लोह येतं. त्याला सुमारे ८,६४० चौरस मीटर, म्हणजे ८५ गुंठे जागा हवी. एवढी सपाट जागा खाणीच्या खालच्या अंगाला कुणाकडे मोकळी असते? ती आधीच राखून ठेवावी लागते. शिवाय गाळ साठत जातो, पाणी सगळीकडे न पसरता एकाच वाटेनं पळू लागतं आणि मग पुढच्या ओढ्यात नारिंगी थर दिसायला लागतो. तळी ठरावीक काळानं उपसायची, हा खर्च कायमचा.

आपल्याकडच्या लाल पाण्याला सरसकट हाच नियम लावू नका. लोहखनिज आणि जांभ्याच्या खाणीतून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, येतो तो बहुतेक वेळा बारीक गाळ असतो, विरघळलेलं लोह नव्हे. ओळखायला एक काचेची बाटली पुरते. पाणी काठोकाठ न भरता थोडी हवा ठेवा, हलवा आणि रात्रभर उभी ठेवा. आधीच गढूळ असलेलं पाणी वरून निवळलं आणि तळाशी माती बसली, तर तो गाळ. आधी स्वच्छ दिसणारं पाणी सकाळी नारिंगी झालं, तर लोह विरघळलेलं होतं. डबक्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीनं हलवा. तुकडे पडून तसेच राहिले तर लोहावर जगणारे जिवाणू, पुन्हा जुळून आले तर खरंच तेल. रत्नागिरी-पावसच्या बाजूला जांभ्याखाली लिग्नाइटच्या काळ्या चिकणमातीचे थर आहेत आणि त्यांत पायराइट असतो. तिथं खोल खोदकाम निघालं तर डरॅमचा प्रश्न थेट आपलाच होतो.

गाळासाठी पाणकणसाची खाचरं उपयोगाची नाहीत. त्याला लागतात मोठी गाळतळी, तीही मृगाच्या आधी रिकामी केलेली. डरॅमला वर्षाला सुमारे साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. सावंतवाडीला तीन हजारांच्या वर, तोही चार महिन्यांत. तिकडची मापं इकडे आणली तर पहिल्याच आषाढात बांध वाहून जाईल. २०२१ च्या जुलैत कळण्यात खाणीतलं साठलेलं पाणी फुटून वस्तीत आणि बागायतीत शिरलं, ते आठवत असेल.

टाकाऊ मातीच्या ढिगाचंही असंच. वेल्समध्ये ॲबरफॅनला २१ ऑक्टोबर १९६६ ला ढीग क्रमांक ७ घसरून शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं. तो ढीग झऱ्यावर रचला होता आणि झरा नकाशावरही होता. ढीग कुठे टाकणार हे ठरताना त्या जागी पावसाळ्यात उमाळे कुठे फुटतात, हे गावच्या जुन्या माणसांना विचारून नकाशावर लिहून घ्यायला हवं. कातळाच्या सड्यावर उन्हाळ्यात सर्वेक्षण केलं तर एकही उमाळा दिसत नाही.

डरॅमला टाकाऊ माल ढिगाऐवजी समुद्रात गेला. दशकानुदशकं दगड आणि कोळशाची चुरी कड्यावरून थेट पुळणीवर ओतली, किनारा काळा झाला. १९९७ ते २००२ मध्ये सुमारे १३ लाख टन माल उचलून नेला. उरलेला लाटांनी नेण्यावर सोडला आणि ते अजून पूर्ण झालेलं नाही. पुळणीवरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

माणसांची गोष्ट कोकणाला आणखी जवळची आहे. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, ब्रिटनचा खाणकामगारांचा संप मार्च १९८४ ला. तो वर्षभरानं, मार्च १९८५ ला मागे घेतला. आपला तर कधी रीतसर संपलाच नाही. दोन्हीकडे घर एकाच पगारावर उभं होतं. फरक एवढाच की लालबाग-परळच्या चाकरमान्याला परतायला गाव होतं. ईझिंग्टनच्या माणसाचं गावच खाणीसाठी वसलेलं. घरं, दवाखाना, बँड, फुटबॉलचं मैदान, सगळं तिच्याभोवती. हॉर्डनला कित्येक गल्ल्यांना नावंही नव्हती, नुसते क्रमांक. खाण गेल्यावर तिथली बरीच घरं बाहेरच्या मालकांनी स्वस्तात घेतली, भाड्यानं दिली आणि दुरुस्ती सोडली.

टिकलं ते खाण चालू असताना लिहून आणि बांधून ठेवलं ते. डरॅमच्या कामगारांनी १८९८ पासून पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे कापून निवृत्तांसाठी घरं उभी केली. ती संस्था आजही घरं देते. १९९८ मध्ये न्यायालयानं फुप्फुसांच्या आजाराची जबाबदारी मालकावर टाकली, तेव्हा पाच लाखांहून जास्त दावे आले. प्रत्येकात धुळीत किती वर्षं काम केलं, हे नोंदींवरून ठरवावं लागलं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी ओळखपत्र, हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीची पावती शोधत किती घरांतल्या ट्रंका उपसल्या गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज डंपरवर, क्रशरवर किंवा चिरेखाणीत रोजंदारीवर असणाऱ्या पोरांकडे यातलं काय आहे? पगार रोख मिळत असला तर निदान दर महिन्याची सहीची चिठ्ठी मागा.

नकाशाचंही तसंच. ब्रिटनमध्ये खाण सोडताना तिचा नकाशा सरकारजमा करणं १८७२ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी खाणींचा नकाशाच नाही. जुन्या विवरांच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरींच्या, तोंडावर लाकडी फळ्या टाकून वर माती लोटलेली असायची. लाकूड कुजलं की पन्नास-शंभर वर्षांनी परसात खड्डा पडतो. आता विवर दगडानं भरतात आणि पक्क्या खडकावर, विवराच्या निदान दुप्पट रुंदीचं लोखंडी सळ्यांचं काँक्रीट झाकण बसवतात. कोळसापट्ट्यात घर घेताना वकील आधी खाणीचा अहवाल मागवतो. आपल्याकडे चिरेखाणीचा खड्डा सातबाऱ्यावर दिसत नाही. माती लोटून त्यावर प्लॉट पडले तर घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

मागायचे कागद नेमके हे आहेत. लोहखनिज-बॉक्साइटसारख्या प्रधान खनिजाच्या खाणीचा आराखडा मंजूर होतो त्यातच टप्प्याटप्प्यानं खाण बंद करण्याची योजना असते, आणि अंतिम योजना बंद करण्याच्या दोन वर्षं आधी भारतीय खाण ब्यूरोकडे द्यावी लागते. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो आणि तो लोकांना बघता येतो. चिरे-खडीसारख्या गौण खनिजासाठी तहसील आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. या कागदांत तीन गोष्टी शोधा: पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढू देणार, जास्तीचं कुठून आणि कुणाच्या जमिनीतून जाणार, आणि बांधाची देखभाल खाण बंद झाल्यावर कोण करणार.

विहिरींची नोंद मात्र गावानंच ठेवायची. खड्डा भूजलाच्या खाली गेला की आसपासच्या विहिरी उतरतात. आधीची मापं नसली की "पाऊस कमी झाला" हे उत्तर मिळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. त्याच महिन्यांत मोजलं तर आकडे शेजारी ठेवता येतात. पंप रात्रभर बंद ठेवा, सकाळी पाणी शेंदण्याआधी वजन बांधलेली दोरी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून सोडा, ओल्या टोकापर्यंतची लांबी टेपनं मोजा आणि तारखेसह ग्रामपंचायतीच्या वहीत दोघांच्या सहीनं लिहा.